१ नोव्हेंबर २००५ ची रेघ : जुन्या पेन्शनची घासाघीस, सांगलीतून पाहिलेली

या प्रकरणातले दोघे एकाच जाहिरातीतून महसूल खात्यात लागले. एकच परीक्षा, एकच निवड यादी, गुणांत जेमतेम फरक. पहिला २००५ च्या ऑक्टोबरात हजर झाला. दुसऱ्याचे कागद पडताळणीत अडकले. त्या वर्षी जुलैअखेरपासून कृष्णेला मोठा पूर होता आणि सगळी कचेरी पूरग्रस्तांच्या याद्यांत बुडालेली होती. त्याचा आदेश निघेपर्यंत दिवाळी होऊन गेली आणि तो डिसेंबरात रुजू झाला. (ओळख पटू नये म्हणून दोघांचे बारीकसारीक तपशील बदलले आहेत. तारखांचा हिशेब मात्र आहे तसाच आहे.)

त्या वर्षी लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होतं. आदल्या दिवशी, ३१ ऑक्टोबर २००५ ला, वित्त विभागाने शासन निर्णय काढला. १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर सेवेत येणाऱ्यांना १९८२ चे निवृत्तिवेतन नियम, म्हणजे जुनी पेन्शन, लागू नाही, त्यांच्यासाठी परिभाषित अंशदान योजना, म्हणजे पगारातून ठरावीक वाटा कापून साठवण्याची. पुढे अठरा-वीस वर्षं राज्याच्या राजकारणात जे रणकंदन माजलं, त्याचं मूळ या एका तारखेत आहे.

मी सांगलीत आयकराची विवरणपत्रं भरण्याचं काम करतो. सरकारी नोकरांचे फॉर्म १६ आणि पगाराच्या स्लिपा दरवर्षी हाताखालून जातात. या दोघांच्या स्लिपा शेजारी ठेवल्या की सगळं प्रकरण दोन ओळींत दिसतं. पहिल्याच्या स्लिपेवर कपात आहे भविष्य निर्वाह निधीची. ते त्याचे स्वतःचे पैसे, व्याजासकट परत मिळणारे, आणि पेन्शनशी त्यांचा काही संबंध नाही. दुसऱ्याच्या स्लिपेवर त्याच जागी मूळ पगार अधिक महागाई भत्ता यांच्या १० टक्के रक्कम कापलेली, एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) या नावाखाली. हीच ती नवी योजना. सरकार आपल्या बाजूने सुरुवातीला १० टक्के घालायचं, १ एप्रिल २०१९ पासून १४ टक्के घालतं. तो पैसा बाजारात गुंतवला जातो. निवृत्तीला जे साठेल त्यातलं ६० टक्के हातात, उरलेल्या ४० टक्क्यांची विमा कंपनीकडून वार्षिकी घ्यायची, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम.

आकडे घालून पाहू. समजा निवृत्तीच्या वेळी मूळ पगार ६०,००० रुपये आणि महागाई भत्ता ५० टक्के. जुन्या योजनेत पेन्शन मूळ पगाराच्या निम्मी, म्हणजे ३०,०००, त्यावर महागाई भत्ता १५,०००. एकूण ४५,००० दरमहा. भत्ता वाढला की पेन्शन वाढते, वेतन आयोग आला की मूळ पेन्शनही नव्याने बसते. दुसऱ्याकडे समजा ६० लाख साठले. ३६ लाख हातात, २४ लाखांची वार्षिकी. साडेसहा टक्के दर धरला तर वर्षाला १,५६,००० म्हणजे महिन्याला १३,००० रुपये. घोषणांमध्ये हे १३,००० आणि ते ४५,००० असे समोरासमोर ठेवले जायचे. ते अर्धवट आहे. हातातले ३६ लाख त्याच दराने ठेवले तरी महिन्याला आणखी १९,५०० येतात. म्हणजे पहिल्या दिवशी ४५,००० विरुद्ध ३२,५००, शिवाय मुद्दल शिल्लक. पण पहिल्या दिवसानंतर काय? एकाची रक्कम दर सहा महिन्यांनी भत्त्यासरशी वर सरकते, दुसऱ्याची आहे तिथेच राहते. आणि ६० लाख साठतीलच, याची हमी कुणी दिलेली नाही. मुलीचं लग्न, घराचं कर्ज, आजारपण यांत ते ३६ लाख मुद्दल म्हणून शिल्लक राहणारी घरं मी फार पाहिलेली नाहीत.

भांडण रकमेचं कमी आणि जोखमीचं जास्त होतं. बाजार पडला तर कुणाचं नुकसान, आणि माणूस नव्वद वर्षं जगला तर कुणाचा खर्च, हे ते दोन प्रश्न. जुन्या योजनेत दोन्हींचं उत्तर ‘सरकार’. नव्या योजनेत दोन्हींचं उत्तर ‘तू’.

२००५ साली हे इतक्या शांतपणे कसं झालं, हे आज नवल वाटतं. केंद्राने १ जानेवारी २००४ पासून आपल्या नव्या नोकरांना (सैन्यदलं वगळून) नवी योजना लावली होती. राज्याच्या डोक्यावरचं कर्ज लाख कोटींच्या पुढे गेलं होतं, पाचव्या वेतन आयोगाने तिजोरीचं कंबरडं मोडलं होतं. बाराव्या वित्त आयोगाने राज्यांना कर्जात सवलत देऊ केली, पण वित्तीय शिस्तीचा कायदा करण्याच्या अटीवर. महाराष्ट्राने तो कायदा २००५ सालीच केला. मुख्यमंत्री विलासराव देशमुख, अर्थमंत्री वाळवा तालुक्याचे जयंत पाटील, उपमुख्यमंत्री तासगावचे आर. आर. पाटील. म्हणजे ज्या मंत्रिमंडळाने ही रेघ ओढली त्यात सांगली जिल्ह्याची दोन वजनदार माणसं होती. जिल्ह्यात तेव्हा मोठा मोर्चा निघाल्याचं कुणी सांगत नाही, आणि तो निघण्याचं कारणही नव्हतं. जे नोकरीत होते त्यांचं काहीच गेलं नव्हतं. ज्यांचं गेलं ते अजून अर्ज भरत होते, कुणी डी.एड.ला होते, कुणी एमपीएससीच्या क्लासला. नोकरी लागल्याच्या आनंदात स्लिपेवरची ती ओळ कुणी वाचली नाही. आमच्या दुसऱ्यानेही नाही.

सरकारच्या बाजूने पाहिलं तर ही फार हुशारीची कपात होती. आज बोलणाऱ्या माणसाचं काही काढायचं नाही, उद्या येणाऱ्याचं काढायचं. गोम एवढीच की उद्या येणारा कधीतरी आज होतो. २०१५ च्या पुढे कचेऱ्यांत, शाळांत, रुग्णालयांत नव्या योजनेवाल्यांची संख्या वाढत गेली. संघटनांमध्ये पदं त्यांच्याकडे आली. आणि दोन प्रकारच्या गोष्टी कानावर येऊ लागल्या. एक, हिशेबाच्या. राज्यात ठिकठिकाणी शिक्षकांना वर्षानुवर्षं कपातीच्या चिठ्ठ्याच मिळत नव्हत्या, मिळाल्या तर जुळत नव्हत्या. दोन, मयतांच्या. नोकरीत असताना माणूस गेला आणि सेवा थोडी असेल तर कुटुंबाच्या हाती जमा रक्कम आणि २०१८ च्या निर्णयानुसार १० लाखांचं सानुग्रह अनुदान. जुन्या योजनेतल्या विधवेला मिळणारी आयुष्यभराची कुटुंब पेन्शन नव्या योजनेतल्या विधवेला तेव्हा नव्हती. ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ या घोषणेत बळ आलं ते इथून. पन्नाशीतल्या माणसाच्या हिशेबातून ते आलं असतं असं मला वाटत नाही.

एवढं होऊनही २०१४ ते २०१९ चं सरकार हललं नाही, २०१९ ते २०२२ चंही नाही. हलवलं ते बाहेरच्या राज्यांनी. २०२२ च्या फेब्रुवारीत राजस्थानने जुनी पेन्शन परत आणल्याचं जाहीर केलं. मग छत्तीसगड, झारखंड, पंजाब. हिमाचलात तर निवडणूकच या मुद्द्यावर रंगली आणि २०२२ च्या डिसेंबरात सत्ता पालटली. त्याच महिन्यात नागपूरच्या अधिवेशनात उपमुख्यमंत्री आणि अर्थमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी स्पष्ट सांगितलं की जुनी पेन्शन देणार नाही, दिली तर १ लाख १० हजार कोटींचा बोजा पडेल आणि राज्य दिवाळखोरीत जाईल.

हा १ लाख १० हजार कोटींचा आकडा नीट पाहायला हवा, कारण पुढची दीड-दोन वर्षं सगळी घासाघीस याच्याभोवती झाली. २००५ नंतर लागलेला माणूस निवृत्त कधी होणार? बावीस ते पंचविसाव्या वर्षी लागला असेल तर ५८ व्या वर्षी, म्हणजे २०३८ ते २०४१ च्या सुमारास. जास्त वयात लागलेले थोडे आधी. तोवर सरकारला जुन्या पेन्शनपोटी या लोकांना फारसं काही द्यायचंच नाही. उलट जुनी पेन्शन परत आणली तर दरमहाचे ते १४ टक्के भरणं थांबतं, म्हणजे पुढची काही वर्षं तिजोरीला आरामच. राजस्थान-हिमाचलाला ही गोष्ट नेमकी कळली होती. जड ओझं आहे ते नंतरचं. रिझर्व्ह बँकेच्या २०२३ च्या एका अभ्यासात सगळी राज्यं मागे फिरली तर एकूण बोजा नव्या योजनेच्या साडेचार पटींपर्यंत जाईल, आणि २०६० पर्यंत दरवर्षीचा जादा भार देशाच्या उत्पन्नाच्या ०.९ टक्क्यांपर्यंत पोचेल, असं म्हटलं होतं. थोडक्यात, दिवाळखोरीची भीती खरी, पण तिची तारीख चुकीची सांगितली जात होती.

दुसरी गंमत हिशेबवह्यांची. राज्याचं कर्ज म्हणून जो आकडा छापला जातो, २०२३-२४ साठी सुमारे ७ लाख ७ हजार कोटी आणि २०२५-२६ च्या अंदाजात ९ लाख ३२ हजार कोटी, त्यात पेन्शनची वचनं धरलेलीच नसतात. रोखे विकून, संस्थांकडून उचलून जे घेतलं तेच त्यात येतं. आज तीस वर्षांच्या तलाठ्याला २०५५ साली काय देणं लागतो, हे कुठल्याच कर्जात दिसत नाही. ते त्या-त्या वर्षीचा खर्च म्हणून उगवतं. त्यामुळे ‘कर्जाचा डोंगर आहे म्हणून पेन्शन नाही’ हे वाक्य भाषणाला बरं, पण ताळेबंदात त्या दोन गोष्टी वेगवेगळ्या पानांवर आहेत. संघटनाही हे जाणून होत्या. त्यांचं उत्तर असायचं, ‘बोजा २०३४ नंतर आहे, आत्ता कशाला ओरडता?’ हेही सोयीचं. २०३४ नंतर बोजा कुणाच्या तरी डोक्यावर असणारच ना!

राजकारणाने मात्र आकड्याची वाट पाहिली नाही. जानेवारी २०२३ मध्ये शिक्षक आणि पदवीधर मतदारसंघांच्या निवडणुका होत्या. महिन्याभरापूर्वी दिवाळखोरी सांगणाऱ्या सरकारची भाषा प्रचारात मऊ झाली. आम्ही नकारात्मक नाही, द्यायची झाली तर आम्हीच देऊ शकतो, असा सूर लागला. २ फेब्रुवारीला निकाल आले आणि नागपूरची शिक्षकांची जागा भाजपच्या पाठिंब्यावरचे विद्यमान आमदार हरले. माझ्या मते या प्रकरणातला खरा वळणबिंदू हा आहे, संप नव्हे. दिवाळखोरीचा युक्तिवाद त्या दिवशी संपला. त्यानंतर प्रश्न ‘द्यायचं की नाही’ असा न राहता ‘किती, कधी आणि कोणत्या नावाने’ एवढाच उरला.

९ मार्चला अर्थसंकल्प आला. त्यात शेतकऱ्यांना वर्षाला ६,००० रुपये राज्याकडून, एक रुपयात पीक विमा, एसटीत महिलांना निम्मं तिकीट. पाच दिवसांनी, १४ मार्च २०२३ ला, राज्यातले १७-१८ लाख कर्मचारी बेमुदत संपावर गेले. बोलणी फिसकटल्यावर सरकारने त्याच दिवशी तीन निवृत्त सनदी अधिकाऱ्यांची समिती नेमली, तीन महिन्यांत अहवाल मागितला. अत्यावश्यक सेवांच्या कायद्याचं, म्हणजे मेस्माचं विधेयकही त्याच दिवशी मंजूर करून घेतलं. एका हातात समिती, दुसऱ्यात मेस्मा.

सांगलीतला तो आठवडा ज्यांनी पाहिला त्यांना संपाची वेळ किती हिशेबाने निवडली होती हे कळेल. दहावी-बारावीच्या परीक्षा चालू. मार्चअखेर असल्यामुळे कोषागारात बिलांचे ढीग. कंत्राटदारांची देयकं, निधी परत जाण्याची धास्ती, सगळं त्या पंधरा दिवसांत. शासकीय रुग्णालयांत परिचारिका संपावर, ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकललेल्या. सरकारला जिथे दुखेल तिथे बोट ठेवलेलं. पण त्याच आठवड्यात राज्यात अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली, आणि संपाचं गणित बिघडलं. आमच्याकडे मार्च म्हणजे मिरज-तासगावच्या पट्ट्यात द्राक्षं उतरायची आणि बेदाणा शेडमध्ये रॅकवर असायची वेळ. आभाळ भरून आलं की माणसं झोपत नाहीत. पंचनामा करायचा तो तलाठ्याने, आणि तलाठी जिल्हाधिकारी कचेरीसमोर मांडवात.

आमचा दुसरा तेव्हा तलाठीच होता. त्याच्या सज्जातल्या एका बागायतदाराने त्याला फोनवर जे सुनावलं ते त्याने मला नंतर सांगितलं. ‘भाऊसाहेब, तुमची पेन्शन ठरल्याबिगर आमचा पंचनामा न्हाई, हे कळलं. आमच्या द्राक्षाला पेन्शन कोण देतंय तेवढं सांगा.’ याला उत्तर नव्हतं. त्याने संध्याकाळी मांडवातून उठून स्वतःच्या गाडीवर जाऊन बागा बघितल्या, फोटो काढून ठेवले, आणि पंचनाम्याचे कागद संप मिटल्यावर रंगवले. युनियनच्या दृष्टीने हा संपफोडेपणा झाला, सरकारच्या दृष्टीने गैरहजेरी. ‘आम्हाला कुठाय पेन्शन?’ हा सूर गावागावांत होताच. निम्म्या पगारावर काम करायला तयार असलेली पोरं चॅनेलवाल्यांना रोज सापडत होती. त्यात प्राथमिक शिक्षकांचा एक गट सुरुवातीलाच बाजूला झाला. लोकमत आपल्या बाजूने नाही हे संघटनांना चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत कळून चुकलं होतं.

२० मार्चला संप मिटला. पहिल्या दिवशी जी समिती नाकारली तीच सातव्या दिवशी मान्य केली. फरक एका शब्दयोजनेचा. जुन्या पेन्शनच्या तोडीची आर्थिक आणि सामाजिक सुरक्षा देण्याचं सरकारने तत्त्वतः मान्य केलं. ‘जुनी पेन्शन’ असं म्हटलं नाही, ‘तोडीची’ असं म्हटलं. पुष्कळांनी तेव्हा संघटनांच्या नेत्यांवर विकले गेल्याचा आरोप केला. मला तसं वाटत नाही. खरसुंडीच्या जनावरांच्या बाजारात व्यापारी उपरण्याखाली बोटं धरून भाव ठरवतात आणि वर तोंडाने भलतंच बोलत असतात, तसा हा व्यवहार होता. मांडवात घोषणा ‘जुनीच’ची, उपरण्याखाली आकडा ‘निम्म्या’चा. सरकारला ‘जुनी’ हा शब्द परवडत नव्हता. केंद्रातलं त्यांचंच सरकार इतर राज्यांना जुन्या पेन्शनवरून दटावत होतं. संघटनांना शब्दाशिवाय चालणार होतं, हमीशिवाय नाही. ज्याला जे परवडत नव्हतं ते दुसऱ्याने मागितलं नाही. तडजोड होते ती अशीच.

मग सरकारने हप्त्याहप्त्याने देणं सुरू केलं, आणि कोणतं आधी दिलं यात सगळी चतुराई आहे. अकरा दिवसांत, ३१ मार्च २०२३ ला, नव्या योजनेतल्या मयत कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांना कुटुंब पेन्शन, दिव्यांगत्व आल्यास रुग्णता पेन्शन, आणि उपदान (ग्रॅच्युइटी). सर्वांत कमी खर्चाची आणि नैतिकदृष्ट्या सर्वांत जड मागणी पहिल्यांदा निकाली काढली. आंदोलनाच्या फलकांवरचे विधवांचे फोटो त्यानंतर विरळ झाले. समितीचा अहवाल लांबत गेला. १४ डिसेंबर २०२३ ला पुन्हा संपाची हाक, आणि मुख्यमंत्र्यांच्या आश्वासनावर तो लगेच मागे.

४ जानेवारी २०२४ ला मंत्रिमंडळाने दुसरा हप्ता दिला. ज्यांच्या भरतीची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ पूर्वी निघाली पण जे नंतर रुजू झाले, अशा सुमारे २६,००० जणांना जुन्या पेन्शनचा पर्याय. २ फेब्रुवारीला शासन निर्णय निघाला, सहा महिन्यांत पर्याय द्यायचा, एकदा दिला की बदलायचा नाही. आमचा दुसरा यात बरोब्बर बसला. पण सिद्ध काय करायचं? जाहिरातीची तारीख. कचेरीत आस्थापनेच्या फायली होत्या, त्यात निवड यादी होती, आदेश होता, जाहिरात नव्हती. एकोणीस वर्षांपूर्वीचं वर्तमानपत्राचं कात्रण अखेर त्याच्या वडिलांच्या ट्रंकेत सापडलं. पोराला नोकरी लागली ती जाहिरात म्हणून त्यांनी ते पोथीत ठेवलं होतं, कडेला हळदीकुंकवाचा डाग, पण तारीख स्वच्छ. झेरॉक्स काढायला तो माझ्याच टेबलाशी आला होता. त्या चार बोटं कागदावर त्याची पुढची पंचवीस वर्षं अवलंबून होती, आणि अर्धा जिल्हा त्या कात्रणाच्या झेरॉक्ससाठी त्याच्या मागे लागला.

आता हा हप्ता घासाघीस म्हणून बघा. २६,००० म्हणजे संपात उतरलेल्यांच्या मानाने मूठभर. पण हे सर्वांत ज्येष्ठ, संघटनांमध्ये सर्वांत बोलके, आणि न्यायालयात त्यांची बाजू बळकट. त्यांना जुन्यात घेतलं की ‘जुनीच हवी’ म्हणणाऱ्यांचा पुढच्या फळीतला गट घरी बसतो. मागे राहतात ते २०१०-१५ नंतरचे, ज्यांना ‘निम्म्याची हमी’ चालू शकते. फूट पाडली असं कुणी म्हणणार नाही, कारण न्यायाचंच होतं. पण फूट पडली.

खाजगी अनुदानित शाळांतले शिक्षक मात्र रेघेच्या भलत्याच बाजूला अडकले. नेमणूक २००५ पूर्वीची, पण शाळेला १०० टक्के अनुदान नंतर मिळालं, म्हणून त्यांना जुनी पेन्शन नाही. त्यांचं भांडण वर्षानुवर्षं कोर्टात फिरत राहिलं. सांगली-सातारा भागात असे शिक्षक गावोगाव भेटतील. काही जण तर पेन्शनशिवाय निवृत्तही होऊन गेले.

तिसरा हप्ता १ मार्च २०२४ ला. लोकसभेची आचारसंहिता लागायला दोन आठवडे होते. मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधानसभेत सांगितलं की शेवटच्या पगाराच्या ५० टक्के पेन्शन, त्यावर महागाई भत्ता, आणि त्याच्या ६० टक्के कुटुंब पेन्शन देऊ. शिंदे मूळचे महाबळेश्वर तालुक्यातल्या दरे गावचे. हा योगायोग मला मजेशीर वाटतो : रेघ ओढली तेव्हा तिजोरीची किल्ली सांगलीकराकडे, आणि ती पुसट केली तेव्हा खुर्चीवर सातारकर. लोकसभेत महायुतीला ४८ पैकी १७ जागा मिळाल्या. विधानसभा समोर. २४ ऑगस्ट २०२४ ला केंद्राने एकीकृत पेन्शन योजना मंजूर केली आणि दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ती स्वीकारली, सगळ्या राज्यांत पहिल्यांदा. केंद्राच्या योजनेत २५ वर्षं सेवा असेल तर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्मी पेन्शन, किमान १० वर्षं सेवेला १०,००० रुपये, सरकारचा वाटा १८.५ टक्के. कर्मचाऱ्याचे १० टक्के कापणं चालूच.

डिसेंबर २०२२ मध्ये जे राज्याला बुडवणार होतं, त्याच्या बरंच जवळचं वीस महिन्यांत मंजूर झालं. मधल्या काळात कर्ज कमी झालं नव्हतं. उलट जून २०२४ मध्ये लाडकी बहीण आली होती, तिचा वर्षाचा अंदाज ४६,००० कोटींचा. एकदा तिजोरीला ते झेपतं म्हटल्यावर नोकरदारांना ‘परवडत नाही’ कोणत्या तोंडाने सांगणार? पेन्शनची लढाई जिंकून देण्यात लाडक्या बहिणींचा वाटा आहे, आणि तो एकाही संघटनेने जाहीरपणे मान्य केलेला मी ऐकला नाही.

या सगळ्या बोलण्यांत कोण बसलंच नव्हतं, हे सांगितल्याशिवाय प्रकरण पुरं होत नाही. संप सुरू झाला त्याच १४ मार्च २०२३ च्या तारखेचा आणखी एक शासन निर्णय आहे, उद्योग, ऊर्जा व कामगार विभागाचा. सरकारी कामांसाठी बाह्य एजन्सींमार्फत मनुष्यबळ घेण्याचा. त्यावर पुढे एवढी बोंब झाली की ऑक्टोबरात फडणवीसांनी कंत्राटी भरतीचा तो निर्णय रद्द करत असल्याचं जाहीर केलं. निर्णय गेला, पण वृत्ती गेली नाही. आज कुठल्याही सरकारी कचेरीत संगणकावर बसलेला मुलगा बघा, रुग्णालयातली मावशी बघा, बहुतेक वेळा कंत्राटदाराचा माणूस. त्याला जुनी नाही, नवी नाही, एकीकृत नाही. पेन्शनचं दायित्व कमी करण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग सरकारला संपातून नव्हे, रिकाम्या पदांतून सापडला आहे. जो नोकरच नाही त्याला पेन्शन कसली? कायम कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी रिक्त पदं भरण्याची मागणी दर निवेदनात तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर ठेवली. पहिल्यावर कधी आणली नाही. २००५ साली जे घडलं तेच पुन्हा. ज्यांचं जातंय ते खोलीत नाहीत.

दुसरा आता जुन्या पेन्शनचा धनी आहे. त्याचे एनपीएसमधले पैसे हिशेब करून कुठे वळते व्हायचे ते होतील, त्याला घाई नाही. माझ्याकडे आता फेऱ्या मारतोय तिसरा, त्याच कचेरीतला, २०१४ साली लागलेला कारकून. त्याचा प्रश्न साधा आहे : एनपीएसमध्येच राहू की हमीची एकीकृत योजना घेऊ? त्याच्या निवृत्तीला वीस वर्षं आहेत. शेअर बाजार गेल्या काही वर्षांत बरा चाललाय, त्यामुळे खात्यातली रक्कम बघून त्याला मोह होतो. त्याचं म्हणणं, ‘साहेब, ६० टक्के हातात येत्यात ते सोडून पेन्शनच्या मागं कशाला लागू?’

मी त्याला हमीचीच घ्यायला सांगितलं. त्याच्या घरात आजी नव्वदीला टेकलेली, आजोबा सत्त्याऐंशीला गेले. जास्त जगणाऱ्यांच्या घरात एकरकमी पैसा शेवटपर्यंत पुरत नाही. बायको नोकरी करत नाही, तिला ६० टक्के कुटुंब पेन्शन म्हणजे त्याच्या पश्चात आधार. पण हेही सांगितलं की ही जुनी पेन्शन नव्हे. दहा टक्के कापलेच जाणार. जुन्यात पेन्शनचा ४० टक्क्यांपर्यंत भाग अंशराशीकरण करून आगाऊ उचलता यायचा, तसं इथे नाही. केंद्राच्या योजनेत एकरकमी मिळतं ते दर सहा महिन्यांच्या सेवेमागे पगाराचा दहावा हिस्सा, म्हणजे २५ वर्षांना साधारण पाच महिन्यांचा पगार. आणि महागाई भत्ता मिळेल, पण वेतन आयोगासरशी मूळ पेन्शन नव्याने बसवून मिळेल, असं वचन मी कुठे वाचलेलं नाही. संघटनांची पुढची मागणी नेमकी हीच असणार, आणि ती निवडणुकीच्या वर्षात येणार.

तो अजून ठरवतोय. मेहुणा म्युच्युअल फंडाचा एजंट आहे, त्याचं मत वेगळं पडलं.